पडद्यावरील जोडप्यांचा कैवार

दूरचित्रवाणीवरील मालिकांचा विचार वाङ्मयास वाहिलेल्या मासिकाने कशासाठी करावा, असे विचारणारे वाचक पुष्कळ निघतील. त्यांस आमचे इतकेच सांगणे आहे की, कादंबरीचा विचार करणे हेही एके काळी असेच हलके काम समजले जात असे. सायंकाळी सातापासून रात्री दहापर्यंत महाराष्ट्रातील असंख्य घरांत जी कथा पाहिली व ऐकली जाते, ती चांगली असो वा वाईट, आजच्या मराठी माणसाच्या कथाव्यवहाराचा मोठा भाग तोच होय. आणि वाचक जेथे गेला तेथे टीकाकाराने जाऊ नये, असा दंडक निदान आमच्या तरी पाहण्यात नाही.

मालिकांच्या सर्व गुणदोषांची झाडाझडती घेण्याचा मात्र आमचा हेतू नाही. कल्पित जोडप्यांविषयी प्रेक्षकांच्या मनात जी ममता उत्पन्न होते, आणि 'ह्या दोघांचे जुळावे' किंवा 'हिने त्याला सोडून द्यावे' असा जो आग्रह ते धरतात, तेवढाच विषय आम्ही येथे घेणार आहोत. घना आणि राधा, श्री आणि जान्हवी, राणा आणि अंजली ही नावे घेताच नाशिकच्या कोणत्याही आळीत संभाषणास तोंड फुटते, आणि ते नात्यागोत्यातील माणसांविषयी चालावे तशाच सुरात चालते. ही वृत्ती केवळ आपल्याकडचीच आहे असेही नाही. १९९३ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'द एक्स-फाइल्स' ह्या मालिकेतील मल्डर आणि स्कली ह्या दोघांनी एकमेकांचे व्हावे असा हट्ट धरणाऱ्या प्रेक्षकांस तिकडे 'शिपर' म्हणू लागले. 'रिलेशनशिप' ह्या शब्दाचे शेपूट तेवढे ठेवून हा शब्द बनविलेला आहे. आपल्या भाषेत 'कैवारी' हा शब्द असताना तो उसना आणण्याचे आम्हांस प्रयोजन दिसत नाही.

ह्या कैवाऱ्यांस सुशिक्षित माणूस हसतो. जी माणसे मुळात नाहीतच, ज्यांचे लग्न नेपथ्यकाराने उभारलेल्या मांडवात लागले, त्यांच्यासाठी डोळ्यांतून पाणी काढणे हा त्याला निव्वळ भाबडेपणा वाटतो. हसणारा गृहस्थ बहुधा 'एकच प्याला'तील सिंधूसाठी स्वतः रडलेला असतो. परंतु ते रडणे त्याच्या हिशेबी वाङ्मयीन असते.

नाशिककराने तरी असे हसू नये, असे आम्हांस वाटते. कारण ह्या प्रश्नाचा अत्यंत सूक्ष्म विचार आमच्या गोदातीराच्या निमित्ताने आठव्या शतकातच होऊन गेला आहे. भवभूती हा मूळचा विदर्भातील पद्मपूरचा; पण त्याच्या 'उत्तररामचरिता'चा जीव जनस्थानात आणि पंचवटीत गुंतलेला आहे. परंपरेने आमचे नाशिक म्हणजेच ते जनस्थान. ह्या नाटकाच्या पहिल्या अंकात राम आणि सीता आपल्याच पूर्वायुष्याची चित्रे पाहत असतात. चित्रपटात पंचवटी येते, शूर्पणखा येते, आणि ती दिसताच सीता भयाने व्याकूळ होते. आता आपला वियोग होणार, असे तिला वाटते. हे केवळ चित्र आहे, असे सांगून राम तिची समजूत घालतो. पुढे सातव्या अंकात वाल्मीकीने रचलेले एक नाटक अप्सरा करून दाखवितात, आणि त्या वेळी प्रेक्षकांत स्वतः राम बसलेला असतो. टाकून दिलेल्या सीतेचे दुःख रंगभूमीवर पाहून त्याला भान उरत नाही, आणि हे नाटक आहे अशी आठवण लक्ष्मणास त्याला द्यावी लागते. म्हणजे आरंभी नायिका प्रेक्षक आणि अखेरीस नायक प्रेक्षक! दोघांचाही तोल जातो, आणि कवी त्या दोघांपैकी कोणासही हसत नाही. उलट, चित्र पाहून सीता भ्याली ते व्यर्थ होते असे कोण म्हणेल? ज्या वियोगाचे तिने भय घेतले, तो खरा वियोग त्याच अंकाच्या शेवटी तिच्या वाट्यास येतो. 'हे चित्र आहे' असे म्हणणारा राम शब्दार्थाने बरोबर होता, एवढेच.

भवभूती हा स्वतःच सर्व कैवाऱ्यांचा अग्रणी होता, असे म्हणण्यासही हरकत नाही. वाल्मीकीच्या कथेत सीता अखेरीस धरणीच्या पोटात जाते. भवभूतीस ते सोसवले नाही. त्याने आपल्या नाटकात राम आणि सीता ह्यांची पुन्हा गाठ घालून दिली. आज एखादी गृहिणी मालिकेचा शेवट असा नको होता, तसा हवा होता असे म्हणते, तेव्हा ती ह्याहून निराळे काय करते? ती नाटक लिहीत नाही, इतकेच.

रामानंद सागर ह्यांचे 'रामायण' १९८७ च्या जानेवारीपासून १९८८ च्या जुलैपर्यंत रविवारी सकाळी दाखविले जात असे, तेव्हा रस्ते ओस पडत आणि कित्येक घरांत यंत्रालाच हार घातला जाई, ही हकीकत सर्वश्रुत आहे. त्या प्रेक्षकांस कथेचा शेवट का ठाऊक नव्हता? पंचवटीतील सीतागुंफेत वाकून उतरणाऱ्या यात्रेकरूसही तो ठाऊक असतोच. तरीही राज्याभिषेकावर कथा थांबली तेव्हा लोकांचे समाधान झाले नाही, आणि 'उत्तर रामायण' निराळे काढावे लागले. २०२० च्या टाळेबंदीत तेच 'रामायण' पुन्हा दाखविले गेले, आणि नव्या पिढीने जुन्या पिढीशेजारी बसून ते पाहिले. शेवट ठाऊक असताना पाहणे ह्याचा अर्थ प्रेक्षक कुतूहलासाठी पाहत नाही. मग तो कशासाठी पाहतो?

आपल्याकडे ह्या प्रश्नाचे जे उत्तर प्रसिद्ध आहे ते नरसिंह चिंतामण केळकर ह्यांचे. १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष असताना त्यांनी 'सविकल्प समाधी'ची उपपत्ती मांडली. वाचक पात्राशी एकरूप होतो आणि तरीही आपले निराळेपण विसरत नाही, आणि ह्या दुहेरी अवस्थेतच त्याचा आनंद असतो, असा तिचा थोडक्यात आशय. ही उपपत्ती एका पात्राच्या बाबतीत फार चांगली लागू पडते. परंतु दोघांच्या नात्याविषयी वाटणारी ममता तिने पुरती उलगडत नाही, असे आमचे मत आहे. घना आणि राधा ह्यांचे जुळावे असे ज्याला वाटते, तो घना झालेला नसतो आणि राधाही झालेला नसतो. तो त्या दोघांच्या मध्ये बसलेला तिसरा माणूस असतो. मुलीस स्थळ सुचविणारी मावशी, दोन्ही घरची मने सांभाळून बोलणी पुढे नेणारा मामा, रुसून माहेरी आलेल्या लेकीची आणि तिला न्यावयास आलेल्या जावयाची एकाच घरात उठबस करणारी आई, ह्यांचे जे स्थान, तेच प्रेक्षकाचे स्थान. त्याला त्या दोघांपैकी प्रत्येकाचे ते गुज ठाऊक असते जे दुसऱ्यास ठाऊक नाही. आणि सांगावयाचे तर तोंड नाही, अशी त्याची कोंडी झालेली असते.

मराठी रंगभूमीने ही गोष्ट पहिल्यापासून ओळखली होती. १८८२ साली रंगभूमीवर आलेले अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत सौभद्र' एवढे टिकले ते केवळ पदांच्या गोडीने टिकले असे आम्हांस वाटत नाही. अर्जुन आणि सुभद्रा ह्यांचे एकमेकांवर प्रेम. बलरामाने मात्र दुर्योधनास शब्द दिलेला. ह्या दोघांच्या मध्ये कृष्ण उभा आहे. तो सर्व जाणतो, वरकरणी काहीच जाणत नाही असे दाखवितो, आणि हळूच सूत्रे हलवितो. प्रेक्षक ह्या नाटकात अर्जुनाच्या बाजूस बसत नाही आणि सुभद्रेच्याही बाजूस बसत नाही. तो कृष्णाच्या मांडीस मांडी लावून बसतो. नाट्यगृहातील प्रत्येक माणसाला दोन अडीच घटका कृष्ण करून सोडण्याची ही युक्ती किर्लोस्करांनी साधली. मालिकेचा प्रेक्षक तोच कृष्ण होय. फरक एवढाच की त्याच्या हाती सूत्रे दिलेली नाहीत, म्हणून तो चहाच्या पेल्यासमोर बसून चडफडतो.

आता हा तिसरा माणूस नेमके काय मागतो? लग्न, असे उत्तर सुचते. पण ते खरे नाही. मालिकांतील पुष्कळ जोडप्यांचे लग्न कथेच्या प्रारंभीच लागलेले असते. २०१२ साली सुरू होऊन त्याच वर्षी संपलेली 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' पाहावी. सतीश राजवाडे ह्यांच्या दिग्दर्शनाखाली स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे ह्यांनी केलेला घना आणि राधा ह्यांचा संसार आजही लोक विसरलेले नाहीत. त्याला अमेरिकेस जावयाचे आहे, तिला लग्नच करावयाचे नाही. म्हणून घरच्यांच्या समाधानासाठी दोघेही लग्नाचे सोंग करतात आणि पुढे वेगळे होण्याचा करार करतात. लग्न तर झाले. मग प्रेक्षकाचा जीव कशात अडकला? तो अडकला तो ह्यात की, सोंग करता करता त्या दोघांस एकमेकांची सवय होते, सवयीची काळजी होते, आणि हे ज्याचे त्याला शेवटी कळते. घरातील दहा माणसांसमोर प्रेमाचा अभिनय करणाऱ्या दोघांना एकान्तात मात्र प्रेम लपवावे लागते, हा विरोध फार नाजूक आहे. मालिकांच्या गर्दीत आम्ही ह्या कथेस बरेच वरचे स्थान देतो. ती वेळेवर संपली, हाही तिचा गुणच.

प्रेक्षक मागतो ती ओळख. ह्याने तिचे मन ओळखावे, तिने ह्याचे; आणि ज्याने अन्याय केला असेल त्याने तो अन्याय ओळखावा. ह्यापुढे लग्न ही दुय्यम बाब आहे. भवभूतीच्या तिसऱ्या अंकाची आठवण येथे पुन्हा होते, आणि तो अंक तर पंचवटीतच घडतो. भागीरथीच्या वराने सीता अदृश्य झालेली आहे. तमसेचा हात धरून ती शोक करणाऱ्या रामाजवळ उभी आहे. वनदेवता वासंती रामाला टाकून बोलते, जाब विचारते, आणि प्रेक्षकाच्या मनात जे जे आहे ते ते त्याच्या तोंडावर बोलून दाखविते. मग बोलण्याच्या ओघात सीतेला कळते की अश्वमेधासाठी रामाने दुसरी पत्नी केलेली नाही, आपली सुवर्णप्रतिमाच शेजारी बसविली आहे. आणि परित्यागाचे शल्य तिच्या हृदयातून निघून जाते. त्या अंकात दोघांची भेट होत नाही. राम तिला पाहू शकत नाही. तरीसुद्धा प्रेक्षकाला जे हवे ते त्याला बहुतांशी तेथेच मिळते.

आमच्या मालिकांचा मुख्य दोष ह्याच ठिकाणी आहे. आपल्या काव्यशास्त्राने शृंगाराचे संभोग आणि विप्रलंभ असे दोन प्रकार सांगितले, आणि विप्रलंभास कमी लेखले नाही. कारण विरहात माणसे बदलतात, पश्चात्ताप करतात, एकमेकांस नव्याने समजून घेतात. मालिकालेखकाने विरहाच्या जागी अडथळा बसविला. विरह आणि अडथळा ह्यांत अंतर आहे. विरहाने पात्र घडते; अडथळ्याने केवळ भाग वाढतात. चिठ्ठी भलत्याच्या हाती पडणे, दाराआडून अर्धे बोलणे ऐकले जाणे, ऐन वेळी कोणाचा तरी अपघात होणे, ह्या गोष्टी आल्या तशा जातात, आणि त्या गेल्यावर नायक नायिका जेथे होती तेथेच असतात. त्यांना काही कळलेले नसते, कारण त्यांच्याकडून काही घडलेलेच नसते.

स्मृतिभ्रंश हे मालिकांचे आवडते हत्यार म्हणून त्याची फार थट्टा होते. परंतु ते हत्यार काही मालिकालेखकांनी शोधून काढलेले नाही. महाभारतातील शकुंतलेच्या कथेत दुर्वासाचा शाप नाही आणि अंगठीही नाही. दोन्ही कालिदासाने घातली. त्याने दुष्यंताचे विस्मरण कशासाठी घातले हे पाहिले म्हणजे अंतर ध्यानात येते. अंगठी सापडते, आठवण परतते, आणि सहाव्या अंकात तो राजा पश्चात्तापाने पोळून निघतो. शकुंतलेचे चित्र पुढे घेऊन बसलेला दुष्यंत पहिल्या अंकातल्या दुष्यंताहून निराळा माणूस आहे. विसरणे हे तेथे साधन होते, आठवणे हे साध्य होते. मालिकेत विसरलेल्या नायिकेस स्मरण होते तेव्हा ती 'मी कुठे आहे' एवढेच विचारते, आणि मग जाहिराती लागतात.

'होणार सून मी ह्या घरची' ही २०१३ पासून २०१६ पर्यंत चाललेली मालिका ह्याचे चांगले उदाहरण आहे. बँकेत काम करणारी साध्या घरची जान्हवी आणि मोठ्या उद्योगाचा वारस असूनही तिच्यासमोर साधेपणाने वागणारा श्री, ह्यांच्या पहिल्या परिचयाचे भाग आम्हांस मनापासून आवडले. सासरी एक सोडून सहा सासवा, हीही कल्पना गमतीची आणि घरगुती होती. परंतु लोकप्रियता वाढली तशी कथा पुढे जाईनाशी झाली. जान्हवीचे गरोदरपण इतके लांबले की त्यावरील विनोद महाराष्ट्रभर पसरले. ते विनोद सांगणारे कोण होते? बहुतांशी तेच, ज्यांनी त्या दोघांवर जीव टाकला होता. ती थट्टा उपहासाची नव्हती. फसवल्या गेलेल्या मावशीची ती कुरकुर होती. दर आठवड्यास येणारे टीआरपीचे आकडे पाहून कथेची लांबी ठरविणाऱ्यांस ती ऐकू गेली असेल असे वाटत नाही. 'चार दिवस सासूचे' ह्या मालिकेचे तर ३००० हून अधिक भाग झाले. नावातले चार दिवस २००१ पासून २०१३ पर्यंत पुरले.

आता ह्या विषयाच्या त्या भागाकडे वळू, ज्याच्यासाठी आम्ही लेखणी उचलली. २०१६ च्या ऑगस्टपासून २०२१ च्या मार्चपर्यंत 'माझ्या नवऱ्याची बायको' ही मालिका चालली. नागपूरकडची राधिका, तिचा नवरा गुरुनाथ, आणि गुरुनाथ जिच्या नादी लागला ती शनाया. राधिकेचे काम करणाऱ्या अनिता दाते ह्या नाशिकच्या. गुरुनाथ झालेले अभिजित खांडकेकर ह्यांचेही ह्या शहराशी जुने नाते. तेव्हा आमच्या गावात ह्या कथेकडे काहीशा घरच्या अभिमानाने पाहिले गेले, हे कबूल केले पाहिजे. परंतु आम्हांस येथे सांगावयाचे ते निराळेच आहे. ह्या कथेत प्रेक्षकांपैकी पुष्कळांस जोडी जुळावयास नको होती. मोडावयास हवी होती. निदान, गुरुनाथास आपण काय केले ते पुरते कळल्यावाचून त्याला घरात घेऊ नये, असे त्यांचे म्हणणे होते. घरोघर दोन पक्ष पडले. वयस्कर बायकांपैकी काही म्हणत, झाले गेले विसरून तिने संसार सांभाळावा. त्यांच्याच सुना म्हणत, तिने मसाल्याचा धंदा वाढवावा आणि त्याचे तोंडही पाहू नये. आणि कधी कधी, ऐकणाऱ्यास चकित करील अशा रीतीने, म्हातारी सासूच म्हणे की, सोडावे त्याला.

ह्या वाक्याचे मोल हसणाऱ्या सुशिक्षितास कळत नाही. आपल्या समाजात खऱ्या जोडप्याविषयी खरे मत देण्याची सोय फार थोड्यांस आहे. शेजारणीचा नवरा बाहेर काय करतो हे साऱ्या वाड्यास ठाऊक असते आणि कोणी बोलत नाही. बहिणीच्या संसाराविषयी बोलावे तर तिचे सासर दुखावते. मुलीच्या संसाराविषयी बोलावे तर 'आईच घर मोडते' असा बोल येतो. स्वतःच्या संसाराविषयी तर प्रश्नच नाही. राधिकेविषयी मात्र सासूसमोर, नवऱ्यासमोर, वयात आलेल्या मुलासमोर मोठ्याने बोलता येते. 'तिने पहिल्याच दिवशी घराबाहेर पडावयास हवे होते' असे एखादी बाई पोळ्या लाटता लाटता म्हणते, तेव्हा ती कोणाविषयी बोलते आहे हे त्या खोलीतील प्रत्येकास समजते किंवा समजत नाही, आणि दोन्ही प्रकारे तिचे बोलणे निभावते. ज्या घरात दुसरे व्यासपीठ नाही, त्या घरात कल्पित जोडपे हेच व्यासपीठ. म्हणूनच ह्या नात्यांविषयीचे मत एवढ्या तावातावाने दिले जाते. त्यात राधिकेपुरते थोडे आणि स्वतःपुरते पुष्कळ असते.

हेही नवे नाही. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' १८९० पासून 'करमणूक' ह्या साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली. यमू आणि रघुनाथराव हे मराठी कादंबरीतील पहिले असे जोडपे, ज्याच्यावर वाचकांनी जीव लावला. नवरा बायकोस शिकवितो, दोघे मुंबईस बिऱ्हाड करतात, एकमेकांशी माणसासारखी बोलतात. एवढ्याशा सुखाचे त्या काळी केवढे अप्रूप! मग रघुनाथराव जातात, यमूचे केशवपन होते. त्या जोडप्यावर माया बसली होती म्हणूनच वाचकास तो वस्तरा स्वतःच्या घरातला वाटला. केशवपनाविरुद्ध शंभर व्याख्याने झाली असतील. यमूच्या संसाराचे काम त्यांतील कोणते करू शकले असते?

१८९० च्या वाचकास यमूसाठी हळहळण्यापलीकडे काही मागता येत नव्हते. २०१९ साली सुरू झालेल्या 'अग्गबाई सासूबाई' ह्या मालिकेत विधवा आसावरीचा पुनर्विवाह अभिजित राजे ह्यांच्याशी तिची सूनच पुढाकार घेऊन घडवून आणते. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा; तरी प्रौढ मुलाच्या आईने पुन्हा लग्न करावे, ही गोष्ट मध्यमवर्गीय घरात उघड बोलली जावयास एवढी वर्षे लागली. निवेदिता सराफ आणि गिरीश ओक ह्या दोन मुरलेल्या नटांनी ती जोडी अशी उभी केली की, ज्या घरांत असा विषय निघाला असता तर थाळी आपटली गेली असती, त्या घरांतही 'त्यांचे जुळावे' असे म्हटले जाऊ लागले. मालिकेची पुढची घडण विसविशीत झाली, हे खरे. पण तेवढ्यासाठी ह्या पहिल्या गोष्टीचे श्रेय आम्ही काढून घेणार नाही.

ह्या ममतेची एक बाजू मात्र आम्हांस मुळीच रुचत नाही. सविकल्प समाधीतील विकल्प सुटला म्हणजे प्रेक्षक पात्राचा राग नटावर काढतो. खलनायिकेचे काम करणाऱ्या अभिनेत्रीस बाजारात बोल ऐकावे लागतात, हा अनुभव आपल्याकडे नवा नाही; आणि त्यास अभिनयाची पावती म्हणून गौरविणे हे आम्हांस निर्दयपणाचे वाटते. उलट टोकास, पडद्यावर जोडी शोभली म्हणून नटनटींनी खरोखरच विवाह करावा, असा हट्टही असतो. 'तुझ्यात जीव रंगला'मधील राणा आणि अंजली झालेले हार्दिक जोशी आणि अक्षया देवधर ह्यांनी २०२२ च्या डिसेंबरात विवाह केला तेव्हा प्रेक्षकांस आपल्याच घरचे कार्य झाल्याचा आनंद वाटला. तो आनंद निरागस आहे. पण तो ज्यांच्या वाट्यास येतो त्यांच्यावर केवढे ओझे ठेवून जातो, ह्याचाही विचार कैवाऱ्याने करावा. कृष्णाने सुभद्रेचे लग्न जुळविले; तिच्या संसारात तो रोज डोकावत बसला नाही.

आणि लेखकाने प्रेक्षकाचे प्रत्येक मागणे पुरवावे, असेही आमचे म्हणणे नाही. लुइझा मे ऑल्कॉट ह्या अमेरिकन लेखिकेच्या 'लिटल विमेन' ह्या कादंबरीचा पहिला भाग १८६८ साली निघाला, तेव्हा जो हिने लॉरीशीच लग्न करावे अशी वाचक मुलींनी तिच्यापाशी मागणी केली. ऑल्कॉटने दुसऱ्या भागात ती साफ फेटाळली, आणि जोचा विवाह एका वयस्क जर्मन प्राध्यापकाशी लावून दिला. वाचक आजतागायत कुरकुरतात. पण कादंबरी जिवंत आहे, कारण लेखिकेने नकार दिला तो जोचा स्वभाव ओळखून दिला. नकार देणारा लेखक आणि ताटकळत ठेवणारा लेखक ह्यांत महदंतर आहे. पहिला वाचकाशी भांडतो. दुसरा त्याला गिऱ्हाईक समजतो.

आमच्याच नाशिकच्या वि. वा. शिरवाडकरांनी 'नटसम्राट' लिहिले, त्याचा प्रयोग गोवा हिंदू असोसिएशनने १९७० साली रंगभूमीवर आणला. श्रीराम लागू आणि शांता जोग ह्यांनी उभे केलेले अप्पासाहेब बेलवलकर आणि कावेरी हे जोडपे आम्ही ह्या साऱ्या चर्चेत मुद्दाम मागे ठेवले होते. ह्या दोघांच्या मध्ये अडथळा म्हणून कोणी नाही. गैरसमज नाही, तिसरी बाई नाही, हरवलेली चिठ्ठी नाही. चाळीस वर्षांचा संसार झालेला, मुलांची लग्ने झालेली, संपत्ती वाटून दिलेली. नवरा बायकोस 'सरकार' म्हणतो, आणि त्या एका हाकेत थट्टा, मान आणि अपराधाची जाणीव ही तिन्ही ऐकू येतात. तिला धोका आधी दिसतो, त्याला नंतर. ती बोलते, तो नाटकी वाक्यांत ते उडवून लावतो. आणि तिचे खरे होते हे कळेपर्यंत मुलाचे घर सुटलेले असते, मुलीचेही सुटते. कावेरी नाटक संपण्याच्या पुष्कळ आधी जाते. पुढचे सारे नाटक प्रेक्षक तिच्या जागी बसून पाहतो, आणि म्हाताऱ्याने आता तरी अंगावर काही नीट पांघरावे, असे त्याला वाटत राहते.